तीन फुटांची रांगोळी नऊ फुटांची करताना

पहिल्यांदा मोठी रांगोळी घालायचं अंगावर घेतलं, तेव्हा शहाणपणा करून मी आधी गच्चीवर तीन फूट व्यासाची कच्ची रांगोळी घालून पाहिली. पुड्या आधी आणि नंतर काट्यावर ठेवल्या. रंग सगळे मिळून ६०० ग्रॅम गेले, वरच्या पांढऱ्या रेघांना १०० ग्रॅम वेगळे. सोसायटीच्या दारातली रांगोळी नऊ फुटांची हवी होती. नऊ म्हणजे तिनाची तिप्पट, सहाशे त्रिक अठराशे, वर थोडे जास्तीचे धरून दोन किलो रंग, असा हिशोब करून बाजारात गेले.

दुकानदाराने पुड्या बांधता बांधता विचारलं, "केवढी घालताय ताई?"

"नऊ फुटी."

"मग दोन किलोत काय होतंय? साडेपाच-सहा किलो तरी न्या."

माल खपवतोय, असं मनात म्हणत मी दोन किलोच घेतले. पाडव्याच्या पहाटे मधलं साडेपाच फुटांचं वर्तुळ भरून झालं आणि पुड्या रिकाम्या. भोवतीचा पावणेदोन फुटांचा पट्टा उघडाच. मग शेजारणींच्या घरून उरलेसुरले रंग गोळा केले. त्या वर्षीच्या रांगोळीची कड सात रंगांची होती आणि लोकांना ती मुद्दाम केलेली वाटली.

दहावीत हेच प्रमेय मी घडाघडा म्हणून दाखवलं होतं: समरूप त्रिकोणांच्या क्षेत्रफळांचं गुणोत्तर त्यांच्या संगत भुजांच्या वर्गांच्या गुणोत्तराएवढं असतं. मार्कही पडले होते. ते त्रिकोणाबाहेर, रंगाच्या पुड्यांनाही लागू पडतं, एवढं मात्र डोक्यात आलं नव्हतं. म्हणून हा लेख. दहावीच्या पोरांना उपयोगी पडेलच, पण फरशी, फोटो, झेरॉक्स, जमीन यांपैकी कशाचाही हिशोब करताना "दुप्पट" हा शब्द आला की याच पायऱ्यांनी जायचं.

पायरी १: दोन्ही आकार खरंच समरूप आहेत का?

समरूप म्हणजे घडण तीच, माप वेगळं. कोन तेवढेच राहिले पाहिजेत आणि प्रत्येक लांबी सारख्याच पटीने वाढलेली किंवा घटलेली पाहिजे. सगळी वर्तुळं एकमेकांशी समरूप असतात, सगळे चौरस असतात, सगळे समभुज त्रिकोण असतात. आयतांचं मात्र तसं नाही. ४ × ६ इंचांचा फोटो ८ × १२ करता येतो, कारण दोन्ही बाजू दुप्पट होतात. तोच फोटो ५ × ७ मध्ये मागितला की स्टुडिओवाला कुणाच्या तरी डोक्यावरचं आभाळ कापतो किंवा कडेला पांढरी पट्टी सोडतो. ४ चे ५ झाले ते सव्वापट, ६ चे ७ झाले ते सव्वापटीपेक्षा कमी. आकार समरूप नाहीत.

चौकातल्या फ्लेक्सवर भाऊंचा चेहरा आडवा फुगलेला दिसतो, तोही याच कारणाने. ४ × ६ फुटांचं डिझाइन ४ × १२ च्या चौकटीत ताणलं, लांबी दुप्पट झाली, उंची होती तेवढीच राहिली. क्षेत्रफळ २४ चं ४८ झालं, म्हणजे दुप्पट. चौपट नाही. इथेच सगळ्या प्रकरणाची किल्ली आहे. क्षेत्रफळाला दोन दिशा असतात. आडव्या दिशेची पट गुणिले उभ्या दिशेची पट, म्हणजे क्षेत्रफळाची पट. आकार समरूप असला की या दोन्ही पटी एकच असतात, म्हणून ती संख्या स्वतःशीच गुणली जाते. वर्ग येतो तो इथून.

पायरी २: पट काढा

नवीन लांबी भागिले जुनी लांबी. कुठलीही लांबी चालते, फक्त ती संगत असली पाहिजे: बाजूला बाजू, कर्णाला कर्ण, उंचीला उंची. एकाची त्रिज्या आणि दुसऱ्याचा व्यास घेतला की उत्तर भलतीकडेच जातं, आणि ही चूक मोठी माणसंही करतात. एकक दोन्हीकडे एकच ठेवा. एक माप इंचात आणि दुसरं फुटात असेल तर आधी तो गोंधळ निस्तरा.

माझ्या रांगोळीची पट होती ९ ÷ ३ = ३.

पायरी ३: त्या पटीचा वर्ग करा

३ चा वर्ग ९. रंग लागणार ६०० च्या नऊपट, म्हणजे ५,४०० ग्रॅम. दुकानदाराचा साडेपाच किलोंचा आकडा बरोबर होता, आणि त्याने तो पुड्या बांधता बांधता सांगितला होता.

सूत्र एवढंच, पण पटल्याशिवाय पुढे जाऊ नका. चौकटीची वही घ्या आणि पानावर एक कोयरी काढा, वाकडीतिकडी चालेल. तिच्यात साधारण किती चौकटी येतात ते मोजा. अर्ध्यापेक्षा जास्त भरलेली चौकट एक धरा, कमी भरलेली सोडून द्या. समजा २३ आल्या. आता दुसऱ्या पानावर दोन-दोन घरं मिळून एक अशा मोठ्या चौकटी आखा आणि तीच कोयरी चौकटीला चौकट जुळवत मोठी उतरवा. भिंतीवर चित्र मोठं करणारे पेंटर हेच करतात. मोठ्या कोयरीतही मोठ्या चौकटी २३च येतील. पण एका मोठ्या चौकटीत लहान चौकटी किती? दोन आडव्या, दोन उभ्या, चार. म्हणून सगळ्या कोयरीचं क्षेत्रफळ चौपट. कड गोल असो, नागमोडी असो, कोकणच्या किनाऱ्यासारखी खाचाखोचांची असो, फरक पडत नाही. जितक्या बारीक चौकटी घ्याल तितका अंदाज नेमका होईल आणि चौपट ती चौपटच राहील.

ठिपक्यांची रांगोळी घालणाऱ्यांना इथे एक खाच लागते. ७ × ७ ठिपक्यांची रांगोळी दोन्ही बाजूंनी दुप्पट करायची म्हणून बहुतेक जणी १४ × १४ ठिपके मांडतात. पण सात ठिपक्यांमध्ये घरं सहाच असतात, चौदांमध्ये तेरा. ६ × ६ म्हणजे ३६ घरं, १३ × १३ म्हणजे १६९. चौपट हवी होती १४४. अंतर तेच ठेवून नेमकी दुप्पट बाजू हवी असेल तर ठिपके १३ मांडायचे. मोजायचं ते घरांना, ठिपक्यांना नाही.

आणखी काही उदाहरणं भराभर. ७ इंची पिझ्झा आणि १० इंची पिझ्झा: ४९ आणि १००, म्हणजे दोन लहान मिळूनही एक मोठा होत नाही. वर्तुळ असलं तरी तुलनेत पाय (π) लागत नाही, तो दोन्हीकडून कटतो. १० × १२ फुटांच्या खोलीऐवजी दोन्ही बाजूंनी दहा टक्के मोठी खोली घेतली तर ती ११ × १३.२ होते. क्षेत्रफळ १२० वरून १४५.२, म्हणजे फरशी २१ टक्के जास्त. उलट दोन्ही बाजू दहा टक्के कमी केल्या तर क्षेत्रफळ १९ टक्के कमी होतं, २० नाही.

एककं बदलतानाही हाच नियम. एक मीटर म्हणजे ३.२८ फूट, पण एक चौरस मीटर म्हणजे १०.७६ चौरस फूट. ५० चौरस मीटरच्या फ्लॅटला ३.२८ ने गुणून "अहो, हा १६४ फुटांचाच आहे" असं म्हणणारे मी पाहिले आहेत. तो ५३८ चौरस फूट असतो. तसंच एक वार तीन फुटांचा, पण एक चौरस वार नऊ चौरस फुटांचा.

पायरी ४: प्रश्न उलटा असेल तर वर्गमूळ

खरी कसोटी इथे आहे. व्यवहारात बरेचदा क्षेत्रफळ ठरलेलं असतं आणि बाजू शोधायची असते. मग क्षेत्रफळाची पट काढायची आणि तिचं वर्गमूळ घ्यायचं.

माझ्या दोन किलोंचंच बघा. ६०० ग्रॅमच्या ते ३.३३ पट. वर्गमूळ सुमारे १.८३. तीन फुटांना १.८३ ने गुणलं की ५.४८ फूट. म्हणूनच त्या पहाटे साडेपाच फुटांवर रंग संपला. व्यास अर्ध्याहून पुष्कळ पुढे गेला होता, म्हणून मला शेवटपर्यंत वाटत होतं की आता थोडंच उरलंय. उरलं होतं जवळजवळ दोन तृतीयांश.

एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, चौरस तुकडा असेल तर ३३ फूट बाजूचा. दोन गुंठ्यांचा चौरस तुकडा केवढ्या बाजूचा? ६६ फुटांचा नव्हे, तो चार गुंठ्यांचा होईल. दोनचं वर्गमूळ १.४१४, म्हणून ३३ × १.४१४, साधारण ४६ फूट ८ इंच. आता ३३ फुटांच्या चौरसाचा कर्ण मोजा. तोही ४६ फूट ८ इंचच भरतो. हा योगायोग नाही. चौरसाच्या कर्णावर दोरी ताणली तर तिच्यावरचा चौरस दुप्पट क्षेत्रफळाचा होतो, हे बौधायनांच्या शुल्बसूत्रात सांगितलेलं आहे. कॅल्क्युलेटर नको, दोरी पुरते.

शुल्बसूत्रांचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबते, कारण हा धडा तिथे नुसत्या आकडेमोडीपुरता नव्हता. यज्ञाची श्येनचिती, म्हणजे पंख पसरलेल्या ससाण्याच्या आकाराची विटांची वेदी, पहिल्यांदा रचायची ती साडेसात वर्ग पुरुष क्षेत्रफळाची. हात वर करून उभ्या यजमानाची उंची म्हणजे एक पुरुष. पुढच्या वेळी क्षेत्रफळ एका वर्ग पुरुषाने वाढवायचं, साडेआठ करायचं, पण ससाण्याचा आकार जराही बदलता कामा नये. नुसती शेपटी लांबवून भागत नाही. बौधायनांची रीत अशी: वाढीव एका वर्ग पुरुषाचे पंधरा सारखे भाग करा आणि मूळच्या प्रत्येक वर्ग पुरुषात त्यातले दोन-दोन मिसळा. साडेसात दुणे पंधरा, सगळे भाग संपले. आता प्रत्येक चौरस पूर्वीच्या १७/१५ पट झाला. त्या नव्या चौरसाची बाजू हाच आपला नवा पुरुष धरायचा आणि सगळी वेदी त्या मापाने पुन्हा आखायची. १७/१५ चं वर्गमूळ सुमारे १.०६५, म्हणजे प्रत्येक लांबी साडेसहा टक्क्यांनीच वाढली. आधी क्षेत्रफळ, मग वर्गमूळ, मग सगळ्या लांब्या एकाच पटीने: आपली चौथी पायरी जशीच्या तशी.

झेरॉक्सच्या दुकानात हीच पायरी बटणावर छापलेली असते. ए४ चं ए३ करायला मशीनवर १४१ टक्के आणि ए३ चं ए४ करायला ७१ टक्के. ए३ चा कागद ए४ च्या दुप्पट, म्हणून लांबीची पट दोनचं वर्गमूळ. "मोठं करून द्या, दुप्पट," असं म्हणून २०० टक्के करायला लावलंत तर एका पानाला चार ए४ कागद जोडावे लागतील. या कागदांच्या मापांची गंमत म्हणजे ए० हा कागद एक चौरस मीटरचा आणि दर वेळी निम्मा करत ए४ पर्यंत आलं की तो त्याचा सोळावा भाग. म्हणून ८० जीएसएमचं एक ए४ पान ५ ग्रॅमचं आणि ५०० पानांचं रीम अडीच किलोचं. जीएसएम म्हणजे दर चौरस मीटरला किती ग्रॅम, बस.

पायरी ५: नकाशावरून जमीन

समजा मोजणीच्या नकाशावर प्रमाण १:१००० लिहिलंय. कागदावरचा १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर १० मीटर. मग कागदावरचा १ चौरस सेंटिमीटर म्हणजे १० चौरस मीटर नव्हे, १० × १० = १०० चौरस मीटर, बरोबर एक आर. सातबाऱ्यावर हेक्टर-आर असतं, त्यामुळे हे प्रमाण फार सोयीचं: चौरस सेंटिमीटर मोजले की आर मोजले. (आर आणि गुंठा जवळपास सारखे, पण एकच नव्हेत. गुंठा १०१.१७ चौरस मीटरचा असतो.)

आता सापळा. तुमच्या हातात मूळ नकाशा क्वचितच असतो, असते ती झेरॉक्स किंवा पीडीएफची प्रिंट. प्रिंटर गुपचूप "पानात बसवा" करून ती ९५ टक्के करतो. पाच टक्क्यांनी काय होतंय, असं वाटतं. ०.९५ चा वर्ग ०.९०२५. वीस आरांचा तुकडा कागदावरून मोजला तर १८.०५ आर भरतो आणि घरात "दोन आर कुठे गेले" यावरून आवाज चढतात. म्हणून आधी नकाशावर छापलेली मोजपट्टी खऱ्या पट्टीने मोजा. जी रेघ १० सेंटिमीटरची असायला हवी ती साडेनऊ भरली, तर आलेल्या क्षेत्रफळाला ०.९०२५ ने भागा. हे अर्थात अंदाजापुरतं. हद्दीचा वाद असेल तर सरकारी मोजणीला पर्याय नाही.

ट्रेकला जाणाऱ्यांसाठी: १:५०,००० च्या टोपोशीटवर, म्हणजे डोंगर-दऱ्या दाखवणाऱ्या नकाशावर, एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर आणि एक चौरस सेंटिमीटर म्हणजे २५ हेक्टर. तोच मुलूख १:२५,००० वर हवा असेल तर एका शीटच्या जागी तेवढ्याच आकाराची चार शीटं लागतात, दोन नाही.

पायरी ६: काय वर्गाने वाढत नाही, ते बाजूला काढा

प्रमेय कळल्यावर माणूस सगळ्यालाच वर्ग लावत सुटतो, मीही लावला. कोन वाढत नाहीत. परिमिती नुसत्या पटीने वाढते. एक गुंठ्याच्या चौरसाला कुंपण १३२ फूट लागतं, चार गुंठ्यांच्या चौरसाला २६४. जमीन चौपट, कुंपण फक्त दुप्पट. म्हणून मोठ्या तुकड्याला दर गुंठ्यामागे कुंपण स्वस्त पडतं, आणि तेच चार गुंठे चार भावांनी वाटून मध्ये कुंपणं घातली की एकूण लांबी २६४ ची ३९६ फूट होते.

रांगोळीत पांढऱ्या रेघा म्हणजे कुंपण. तीन फुटांना १०० ग्रॅम पांढरी लागली असेल तर नऊ फुटांना ३००, रेघ तेवढ्याच जाडीची ठेवली तर. पण मोठ्या रांगोळीत बारीक रेघ किरकोळ दिसते, दोन मजल्यांवरून तर दिसतच नाही. ती दुप्पट जाड केली की ६००. तिप्पट जाड केली की पुन्हा नऊपट, ९००, कारण मग रेघ ही रेघ न राहता भरायचा पट्टाच झाली.

पोळीचं आणखी वेगळं. गोळा तेवढाच ठेवून पोळी दुप्पट व्यासाची लाटली तर जाडी अर्धी होत नाही, पाव होते. खानदेशात मांडे करणाऱ्या बाया पुरण भरलेला गोळा हातावर फिरवत खापरावर टाकण्याएवढा मोठा करतात, तेव्हा शेवटच्या दोन-चार इंचांत तो का फाटतो, ते यावरून कळेल. आणि लाडू दुप्पट व्यासाचा वळला तर तो चौपट नव्हे, आठपट. तिथे दिशा तीन.

दहावीच्या पोरांनी एवढं तेवढं बघून ठेवावं. त्रिकोण अबक मध्ये बक ला समांतर रेघ काढली, ती अब ला ड मध्ये आणि अक ला इ मध्ये छेदते, आणि अड : डब = २ : ३ दिलंय. लहान आणि मोठ्या त्रिकोणाच्या क्षेत्रफळांचं गुणोत्तर विचारलं की निम्मा वर्ग ४ : ९ लिहून मोकळा होतो. डब ही कुठल्याच त्रिकोणाची पूर्ण भुजा नाही. संगत भुजा अड आणि अब, म्हणजे २ : ५, म्हणून उत्तर ४ : २५. खालचा समलंब चौकोन हवा असेल तर २५ वजा ४, एकवीस भाग. दुसरी पायरी घाईत केली की असं होतं.

यंदा दारातली रांगोळी बारा फुटांची ठरली आहे. तिनाची चौपट, चाराचा वर्ग सोळा, सोळा गुणिले सहाशे, ९,६०० ग्रॅम. पांढऱ्या रेघा दुप्पट जाड, म्हणजे चार गुणिले दोन गुणिले शंभर, ८०० ग्रॅम. कागदावर लिहूनच गेले. दुकानदाराने चष्म्यावरून चिठ्ठी वाचली आणि म्हणाला, "दहा करा ताई, वाऱ्याने उडतो."